तो दोनदा आला, मी दार उघडलं नाही

पत्र

माझं वय ६३. १९९८ पासून इंग्लंडमध्ये हाउसिंग असोसिएशनच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहते. पासपोर्ट ब्रिटिश आहे. आठ महिन्यांपूर्वी मिस्टर गेले. ते शेवटपर्यंत बस चालवत होते. भाडं, बिलं, फॉर्म सगळं तेच बघायचे, टेनन्सी म्हणजे भाडेकरारही त्यांच्याच नावावर. मी एका शाळेच्या किचनमध्ये आठवड्याला बारा तास काम करते. दोन महिन्यांचं भाडं थकलंय. पत्रं येतात ती मी ड्रॉवरमध्ये टाकते. एकात ‘सक्सेशन’ असा शब्द होता, तो कळला नाही. मागच्या बेडरूमच्या भिंतीवर काळी बुरशी चढलीय आणि मला दमा आहे, पण बुरशीचं सांगायला गेले तर भाड्याचा विषय निघेल. एक तरुण हाउसिंग ऑफिसर दोनदा येऊन गेला. मी लाइट बंद करून आत बसून राहिले. आता त्यानं चिठ्ठी टाकलीय, गुरुवारी परत येतो म्हणून. मुलगी टोरोंटोला असते, तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही. आम्ही कधी सरकारचा एक पेनी घेतला नाही हो. हे लोक मला घर खाली करायला लावणार का?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो घर खाली करायला सांगायला येत नाहीये. भाडेकरूला बाहेर काढायचं तर आधी लेखी नोटीस, मग कोर्टाचा हुकूम आणि त्याच्याही पुढे तारीख कळवून येणारा बेलिफ म्हणजे कोर्टाचा माणूस, एवढं सगळं लागतं. तुमच्या दारावर आलेल्या पोराच्या हातात त्यातलं काही नाही. त्याच्या हातात फार तर एक टॅब्लेट असेल.

मी त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला एकोणीस वर्षं उभी राहिलेय. आता रिटायर झाले, पण हेच काम करत होते. आतला लाइट बंद झालेला बाहेरून दिसतो, ताई. पडद्याच्या कडेचा उजेड जातो आणि कळतं की माणूस घरात आहे आणि घाबरलंय. पण नोंद करायला जावं तर ‘घाबरल्या आहेत’ असा पर्यायच नसायचा. ‘नो ॲक्सेस’ एवढाच असायचा. आमच्याकडे असे तीन शेरे पडले की फाइल वसुलीच्या टेबलावर सरकायची. एका आजोबांची फाइल माझ्या हातून अशी सरकली. त्यांना ऐकू येत नव्हतं, बेल वाजलेली कळतच नव्हती, एवढीच भानगड. ते आमच्या लक्षात यायला चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत त्यांना गेलेलं प्रत्येक पत्र थकबाकीचं. ती नामुष्की मी अजून विसरलेले नाही.

हे सांगण्याचं कारण असं, की ऑफिसला तुम्ही दिसता त्या फाइलमधूनच. सध्या त्या फाइलमध्ये काय आहे? भाडं थकलं, पत्रांना उत्तर नाही, दोनदा नो ॲक्सेस. दमा नाही, बुरशी नाही, इंग्रजीची अडचण नाही, आठ महिन्यांपूर्वी नवरा गेला त्यानं घर कसं हललं तेही नाही. या गोष्टी तिथे गेल्या की तीच माणसं वेगळी वागतात. नियमानं वागावंच लागतं त्यांना.

‘सक्सेशन’चा अर्थ साधा आहे. मूळ भाडेकरू गेला की टेनन्सी कोणाकडे जाते ते ठरवणं. तुमच्या घरची टेनन्सी फक्त मिस्टरांच्या नावावर होती, म्हणून हा प्रश्न निघाला. ती दोघांच्या नावावर असती तर तुम्ही आपोआपच भाडेकरू राहिल्या असता. लग्नाची बायको त्याच घरात राहत असेल आणि तेच तिचं मुख्य घर असेल, तर कायद्यानं टेनन्सी तिच्याकडे येते. हा वारसा साधारण एकदाच मिळतो. म्हणजे मिस्टरांना ते घर स्वतः कोणाकडून वारशानं मिळालं असतं तर अडचण होती. तुम्ही १९९८ पासून पहिल्यापासून तिथे आहात, तेव्हा तो मुद्दाच नाही. घर एका माणसाला मोठं आहे एवढ्या कारणावरून नवऱ्यामागे राहिलेल्या बायकोला ते सोडायला लावता येत नाही. ते पत्र बहुतेक तुमच्याकडून मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा दाखला मागत असणार. दोन्ही कागद काढून ठेवा.

आता थकलेलं भाडं. दोन महिने ही रक्कम तुमच्या छातीवर दगडासारखी बसलीय ते कळतं, पण हाउसिंगच्या ऑफिसात अशा केसेस रोजच्या असतात. सामाजिक घरं देणाऱ्या संस्थांना कोर्टात जाण्याआधी काय काय करावं लागतं याचा एक लेखी शिरस्ता आहे. भाडेकरूशी संपर्क करायचा, थकबाकी का झाली ते विचारायचं, झेपेल असा हप्ता ठरवायचा, बेनिफिटचा म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज करायला मदत करायची. हे केलेलं नसेल तर न्यायाधीश त्यांनाच जाब विचारतो. हप्ता ठरवताना एक चूक आपली माणसं हमखास करतात. लाजेपोटी मोठा आकडा कबूल करतात आणि तिसऱ्या महिन्यात तो मोडतो. छोटा आकडा सांगा. आठवड्याला पाच पौंड म्हटलं तरी कोणी हसत नाही, पण ते पाच पौंड चुकवू नका. भाड्याबरोबर विजेचं, काउन्सिल टॅक्सचं, कार्डाचंही देणं चढलं असेल तर ‘ब्रीदिंग स्पेस’ मागता येते. २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सोय आहे. यादीतल्या देण्यांवरचं व्याज आणि वसुलीची कारवाई त्यात ६० दिवस थांबते, चालू महिन्याचं भाडं मात्र भरत राहावं लागतं. ती मान्यताप्राप्त कर्जसल्लागारामार्फतच मिळते, म्हणून सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जायचं. तिथे पैसे पडत नाहीत.

आणि हे पुढचं या आठवड्यातच करा, बाकी सगळं पुढे ढकललं तरी चालेल. मागे राहणाऱ्याचं पेन्शनचं वय होण्याआधी नवरा किंवा बायको गेली तर त्याला ‘बिरीव्हमेंट सपोर्ट पेमेंट’ मिळतं. हे मिस्टरांच्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतं. इतकी वर्षं बस चालवली, म्हणजे ते भरलेलं असणारच. घरात लहान मुलं नसतील तर आधी एकरकमी २,५०० पौंड आणि मग महिन्याला १०० पौंड, जास्तीत जास्त १८ महिने. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तर सगळे हप्ते मिळतात. तुम्हाला आठ महिने झाले, तेव्हा पाचेक हप्ते हुकलेच असं धरून चाला. पण ती एकरकमी रक्कम बारा महिन्यांच्या आत मागितली तर मिळते, म्हणजे तुमच्या हातात अजून चार महिने आहेत. तेवढी वाट बघू नका. अर्ज डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे पेन्शन आणि बेनिफिट बघणाऱ्या सरकारी खात्याकडे जातो, फोनवरही होतो.

“आम्ही कधी सरकारचा एक पेनी घेतला नाही” असं तुम्ही अभिमानानं लिहिलंत. ठीक आहे. मग हे ध्यानात घ्या की मिस्टरांच्या पगारातून दर महिन्याला नॅशनल इन्शुरन्स कापला जात होता, तो याचसाठी. याला भीक म्हणणार असाल तर बँकेतून स्वतःचे पैसे काढण्यालाही म्हणा.

युनिव्हर्सल क्रेडिटचाही, म्हणजे कमी कमाई असलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचाही विचार करावाच लागेल. बारा तासांच्या पगारात दोन बेडरूमचं भाडं निघत नाही, तुम्ही कितीही काटकसर केली तरी. बचत १६,००० पौंडांच्या आत असेल तर अर्ज करता येतो. वरचे २,५०० पौंड पहिलं वर्षभर बचतीत धरत नाहीत आणि महिन्याचे १०० उत्पन्नात धरत नाहीत, म्हणून एक मिळालं की दुसरं जाईल ही भीती नको. अर्ज केल्यावर पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी उचल देतात, पण ती पुढे कापून घेतात. दुसरी बेडरूम ‘जादा’ धरून भाड्याच्या मदतीतून १४ टक्के कापले जातील. २०१३ पासूनचा हा नियम आहे, लोक त्याला बेडरूम टॅक्स म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर तो नियम फार कोरडा आहे. पेन्शनच्या वयाला पोचल्यावर तो तुम्हाला लागू राहणार नाही. तोपर्यंत ती तूट कशी भरायची, काउन्सिलच्या अडचणनिधीतून काही मिळतं का, हे त्या ऑफिसरला विचारा. असोसिएशनकडे अशी मोजणी करून देणारा वेगळा माणूस बहुतेक असतो. लहान घरात जायचंय का असं कोणी विचारलं तर आत्ता काही ठरवू नका. मिस्टरांचा कोट अजून दारामागे लटकत असेल. अशा वर्षात घर बदलू नये असं मला वाटतं. पुढे वाटलं तर बघता येईल, काही संस्था सामानाचा खर्चही देतात.

बुरशीबद्दल मात्र मी जरा आवाज चढवणार आहे. भाड्याचा विषय निघेल म्हणून तुम्ही ती लपवली. दमा असलेल्या बाईनं! रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीत सतत राहिल्यामुळे तो गेला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशी करणाऱ्या कॉरोनरनी काढला. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग मारा. शिवाय हे कुटुंब आंघोळ कशी करतं, स्वयंपाक कसा करतं यावर तर्क लढवले गेले. ते घर हाउसिंग असोसिएशनचंच होतं. त्या मुलाच्या नावानं ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडच्या सामाजिक घरांना लागू झालाय. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई. ओल आणि बुरशी आरोग्याला मोठा धोका ठरण्याजोगी असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी. तपासणी संपली की तीन कामाच्या दिवसांत लेखी अहवाल आणि पाच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. तेवढ्यात जमत नसेल तर त्यांच्या खर्चानं दुसरीकडे राहायची सोय. धोका किती मोठा हे ठरवताना त्या घरात राहणारं माणूस कोण आहे, हेही बघायचं असतं. तुमचा दमा इथे मोजला जातो. पण हे दिवस मोजायला सुरुवात होते ती बुरशी त्यांच्या कानावर गेल्यापासून. तुमच्या बाबतीत मोजणी सुरूच झालेली नाही.

भाडं थकलंय म्हणून दुरुस्ती नाकारता येत नाही. ही दोन खाती निराळी आहेत. आणि तपासायला आलेला माणूस नाक वर करून म्हणाला, की फोडणीच्या वाफेनं होतं हो हे, तर? खिडकी उघडत जा, एक्झॉस्ट लावत जा, इतपत सल्ला ऐकून घ्या, त्यात तथ्य असतं. पण त्यावर विषय संपवू देऊ नका. हाउसिंग ओम्बड्समननी, म्हणजे घरांबद्दलच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्यानं, २०२१ मध्ये ओल-बुरशीवर एक मोठा अहवाल काढला, त्याचं नावच ‘हे राहणीमानामुळे नाही’ अशा अर्थाचं होतं. भिंतीचे फोटो काढा, बाजूला त्या दिवशीचा पेपर धरलात तर तारीख आपोआप येते. जीपीकडून म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून दम्याचं दोन ओळींचं पत्र घ्या.

तुमच्या मनात असेल, की घरमालक आणि एवढं कशाला करेल? साधा मालक करणार नाहीच. पण या संस्था निघाल्याच वेगळ्या कारणानं. १८६२ मध्ये जॉर्ज पीबडी या अमेरिकन बँकरनं लंडनच्या गरिबांसाठी पैसे दिले आणि त्यातून बांधलेल्या घरांची संस्था अजून चालू आहे. १८६५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईनं मॅरिलबोनमधली मोडकळीला आलेली घरं हाती घेतली. भाडं गोळा करायला ती आणि तिनं तयार केलेल्या बायका दर आठवड्याला घरोघर स्वतः जात. पायरी तुटलीय का, पोर आजारी आहे का, काम आहे का, हे त्याच फेरीत कळायचं आणि त्याच फेरीत त्यावर काहीतरी व्हायचं. ती काही मवाळ बाई नव्हती. भाडं बुडवणाऱ्याला सरळ घराबाहेर काढायची. पण भाड्याची फेरी आणि विचारपूस एकाच माणसानं करायची ही पद्धत तिथून आली. तुमच्या दारावरची टकटक त्याच घराण्यातली आहे. फरक इतकाच की तिच्याकडे वीस-पंचवीस घरं असायची असं धरलं, तर त्या पोराकडे शेकड्यांनी असतील.

आणि तिथेच गाडं अडतं, ते लपवण्यात अर्थ नाही. २००३ मध्ये सरकारनं ‘सपोर्टिंग पीपल’ नावानं १.८ अब्ज पौंडांची योजना आणली होती. म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहणारा वॉर्डन, घरी येऊन कागदपत्रं लावून देणारा मदतनीस, हे सगळं त्यातून चालायचं. २००९ मध्ये तो पैसा राखीव ठेवायची अट उठली, काउन्सिलांचे हात आखडले आणि वॉर्डन दिसेनासे झाले. काही ठिकाणी त्यांच्या जागी भिंतीवर लाल दोरी आली, ओढली की कॉल सेंटर. म्हणून एका असोसिएशनमध्ये तुम्हाला कर्जसल्ला, अडचणनिधी, इंग्रजीचा वर्ग सगळं मिळेल आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीत फक्त एक फोन नंबर. तुमची कोणत्या जातीची निघते ते गुरुवारी कळेल. चांगली निघाली नाही, तरी मी वर सांगितलेले नियम दोघींना सारखेच.

असोसिएशन सरळ वागली नाही तर तक्रार लेखी करा. “ही औपचारिक तक्रार आहे” हे एक वाक्य त्यात असू द्या, नाहीतर ती ‘चौकशी’ म्हणून फिरत राहते. तक्रार मिळाल्याचं पाच कामाच्या दिवसांत कळवायचं आणि त्यानंतर दहा कामाच्या दिवसांत पहिलं उत्तर द्यायचं, असा नियम आहे. पटलं नाही तर दुसरा टप्पा, त्याला वीस. तरीही पटलं नाही तर हाउसिंग ओम्बड्समन. त्याला वकील लागत नाही, फी नाही. भाषेचं म्हणाल तर दुभाषी मागा. “मराठी” असं स्पष्ट सांगा, कारण नुसतं इंडियन म्हटलं की फोनवर हिंदी किंवा गुजराती बोलणारं माणूस जोडून देतात आणि आपण संकोचानं हो हो म्हणत राहतो. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत भाडेकरूच्या गरजा ओळखून त्याप्रमाणे बोलायची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे, तेव्हा यात उपकार नाहीत. त्याच नियमांत परिसराची काळजी घेण्याचंही कलम आहे, आणि मालक तुमच्या परिसरासाठी काही चांगलं करतो का असा प्रश्न भाडेकरूंना पाहणीत विचारतात. त्यामुळे तुमच्या इमारतीच्या कम्युनिटी रूममध्ये आठवड्यातून एकदा जेवण किंवा चहा असण्याची शक्यता बरीच आहे. मी तुम्हाला तिथे मैत्रिणी मिळतील वगैरे सांगणार नाही. पहिल्या वेळी कोपऱ्यात बसून परत याल. पण कोणता ऑफिसर फोन उचलतो आणि कोणता नाही, ही माहिती त्या टेबलावर जितकी खरी मिळते तितकी कुठेच मिळत नाही. शाळेच्या किचनमधल्या बाईला तिथले लोक सोडणार नाहीत हेही आत्ताच सांगून ठेवते, भांड्यांपाशी उभं करतील.

एक राहिलं. दार न उघडण्याचा एक प्रकार खरोखर अंगाशी येतो, तो म्हणजे गॅसचा. घरमालकाला दर बारा महिन्यांनी गॅसची तपासणी करावीच लागते, आणि भाडेकरू आत घेत नसेल तर त्यासाठी संस्था कोर्टात जातात. ड्रॉवरमधल्या पत्रांत गॅसचं एखादं असेल तर ते पहिलं वर काढा.

गुरुवारी तो आला की आधी ओळखपत्र मागा, ते मागितल्याचा कोणाला राग येत नाही. मग तीनच गोष्टी सांगा: माझे मिस्टर गेले, मला दमा आहे आणि भिंत काळी झालीय, मला इंग्रजी पत्रं समजत नाहीत. हे कागदावर लिहून हातात दिलंत तरी चालेल. त्यानं काय कबूल केलं ते त्याच्याकडून ईमेलवर किंवा कागदावर घ्या. ड्रॉवर आहे तसा काढून टेबलावर ठेवा. पत्रं तारखेवार लावत बसू नका, फोडूही नका वाटलं तर. माझ्यासमोर लोकांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या उलट्या केल्यात, त्यातून एकदा एक दात निघाला होता.

मुलीला मात्र गुरुवारच्या आधी सांगा. तिच्याशी बोलायची लेखी परवानगी तुम्ही असोसिएशनला दिलीत तर ती तिकडून फोन करू शकते, आणि टोरोंटोहून केलेला फोनही इथे तितकाच मोजला जातो. ती रागावेल, तुम्ही आठ महिने लपवलंत म्हणून. रागावू द्या. टोरोंटो आपल्या पाच तास मागे आहे. तुमचं रात्रीचं जेवण होतं तेव्हा तिची दुपार असते.